काणीची भाजी

सोमवारी दुपारी बारा वाजता दोन्या एलोदियाच्या खानावळीमागच्या परसात मी अण्णांना लोखंडी खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, “पाचच मिनिटं अण्णा, आत जाऊन येतो.”

“जा की. मी काय पळून चाललोय?” अण्णा म्हणाले. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. समोर मक्याच्या चार ओळी होत्या आणि ते त्या मोजत होते.

त्या पाच मिनिटांचा पुढे पाऊण तास झाला, आणि त्या पाऊण तासात अण्णांनी जे करून ठेवलं त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. अण्णा आज नाहीत. एलोदिया खानावळ पुतण्याच्या हाती देऊन मेक्सिकोतल्या आपल्या गावी परत गेली. पण कुठेही हिरवा मका उभा दिसला की मला ती लोखंडी खुर्ची दिसते.

अण्णा म्हणजे माझे वडील, सर्जेराव बारबोले, निवृत्त तालुका कृषी अधिकारी, बार्शी. चौतीस वर्षं नोकरी केली आणि चौतीस वर्षं एकाच कामासाठी तालुकाभर सायकल आणि मग मोटारसायकल झिजवली, ते काम म्हणजे पिकाचा नाश करणारी प्रत्येक गोष्ट मारणे. नाकतोडे, तण, बुरशी. त्यातही त्यांचा खास राग काणीवर. काणी म्हणजे ज्वारीच्या नाहीतर मक्याच्या कणसात दाण्याऐवजी फुगून येणारी ती काळी बुरशी. मी दहावीत असतानाच त्यांनी ठरवून टाकलं होतं की मी काणीवर डॉक्टरेट करायची, तीही अमेरिकेत. मी हुशार होतो आणि अण्णांना घाबरत होतो, त्यामुळे अमेरिकेपर्यंत पोचलो.

शिकागोपासून दोन तासांवरच्या एका विद्यापीठात मी मक्यावरच्या काणीचा अभ्यास करत होतो. दुसऱ्या वर्षी नमुने गोळा करायचे होते. कोणीतरी सांगितलं की शिकागोत मेक्सिकन वस्तीत एक बाई परसात मका लावते आणि त्यावर काणी आली तरी उपटत नाही. म्हणून मी एलोदियाच्या दारात गेलो. दोन्या म्हणजे आपल्याकडे बाईसाहेब म्हणतात तसं. तिने माझं म्हणणं ऐकून घेतलं, कणीस कापून प्रयोगशाळेत न्यायचंय हे ऐकल्यावर नाही म्हणून मान हलवली, मला बसवलं आणि त्याच कणसाची भाजी करून समोर ठेवली. याला ती वित्लाकोचे म्हणायची. मी काळी बुरशी जन्मात पहिल्यांदा खाल्ली. पुढच्या शनिवारी परत गेलो. त्याच्या पुढच्या शनिवारी भांडी घासू लागलो, मग कांदा चिरू लागलो, आणि वर्षभरात विद्यापीठ सोडून तिच्याकडे आचारी झालो. दिगंबर हे नाव तिच्या नवऱ्याला जमेना, म्हणून मी तिथे दिएगो होतो.

घरी मात्र मी अजून संशोधकच होतो. दोन वर्षं मी बार्शीला पत्रातून प्रयोगशाळेच्या थापा लिहीत होतो, आणि आई त्या शेजारपाजारी वाचून दाखवत होती. मग अण्णा एकटेच तीन आठवड्यांसाठी आले. आईच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपणारा नव्हता. मी सांगितलं की प्रयोगशाळा विद्यापीठाने शिकागोत हलवलीय आणि बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. अण्णा सरकारी माणूस, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत हे त्यांना लगेच पटलं. हातावरचे चटके त्यांनी पाहिले तेव्हा अॅसिडपासून जप म्हणाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बाथरूममध्ये वाळत घातलेला माझा आचाऱ्याचा पांढरा कोट त्यांनी पहिल्याच दिवशी हेरला आणि तो प्रयोगशाळेचा समजून रोज सकाळी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवू लागले. कॉलरला तर अशी कडक घडी घालायचे की मला तो अंगात घालवत नसे.

गुरुवारी त्यांचं विमान होतं. एलोदिया माझ्या मागे लागली होती की समुद्र ओलांडून बाप आला आणि तू त्याला माझ्या ताटावर बसवलं नाहीस, हे बरं नाही. सोमवारी खानावळ बंद असते, त्या दिवशी खास जेवण करू, परसातल्या मक्यावर यंदा चौदा कणसांना वित्लाकोचे आलंय ते राखून ठेवलंय, असं तिने सांगितलं. मीही ठरवलं, आता पुरे. जेवून झालं, पोट भरलं, की अण्णांना सगळं सांगायचं. सांगितलं नाही तर ते बार्शीला जाऊन डॉक्टर मुलाबद्दल आणखी बोलत राहतील आणि मी जन्मभर परत जाऊ शकणार नाही.

फक्त मी सांगेपर्यंत कोणी तोंड उघडायला नको होतं. म्हणून अण्णांना परसात बसवून मी आत गेलो आणि एलोदियाला म्हणालो, जेवण होईपर्यंत मी इथे काम करतो हे बोलू नका. बाई पोळपाटासारख्या लाकडी फळीवर पीठ मळत होती, ती थांबली. तिला तोवर वाटत होतं की अण्णांना सगळं माहीत आहे. दोन वर्षं बापाला सांगितलं नाहीस, तुला माझ्या स्वयंपाकघराची लाज वाटते का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो. मग काय वाटतं, असं तिने विचारलं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसल्यामुळे मी पाऊण तास बोलत राहिलो. शेवटी ती म्हणाली, ठीक आहे, जेवण होईपर्यंत गप्प राहीन, पुढे नाही.

मी बाहेर आलो तेव्हा अण्णा नळाखाली हात धूत होते. बाह्या कोपरापर्यंत वर. चेहऱ्यावर चांगल्या कामाचं समाधान. शेजारी जमिनीवर भलं मोठं पातेलं, त्यातून वाफ येत होती. पातेल्यात एक कापडी पिशवी बुडालेली होती आणि पाणी काळं झालं होतं.

“चौदा होती,” अण्णा म्हणाले. “एकाचीही भुकटी उडू दिली नाही. बाईंना सांग, पुढच्या साली बियाणं बदला म्हणावं.”

मी मक्याकडे पाहिलं. सगळी फुगलेली कणसं गेली होती.

काणीचं कणीस नुसतं खुडत नाहीत. आधी त्यावर कापडाची पिशवी घालतात, पिशवीत खुडतात आणि पिशवीसकट उकळत्या पाण्यात बुडवतात, म्हणजे बुरशी दुसऱ्या झाडावर जात नाही. ही पद्धत अण्णांनी तालुक्यातल्या हजारभर शेतकऱ्यांना हाताला धरून शिकवली होती. यजमानीणबाईंसाठी बार्शीहून आणलेली शेंगाचटणीची पिशवी त्यांनी खुर्चीवर रिकामी केली होती. उकळतं पाणी एलोदियाच्या नवऱ्याने, फेर्मीनने दिलं होतं. फेर्मीनला कमी ऐकू यायचं. पाहुणा खुणेने पाणी मागतोय हे बघून त्याला वाटलं, लांबून आलेला माणूस आहे, पाय शेकायचे असतील.

एलोदिया माझ्या मागून बाहेर आली. तिने पातेल्यात पाहिलं. ओरडली नाही. हात पुसता पुसता तिने मला विचारलं, यांनी हे काय केलं? मी म्हणालो, खराब झालेली समजून काढली. ती म्हणाली, त्यांना सांग, मी वर्षभर याची वाट बघत होते.

“काय म्हणतायत?” अण्णांनी विचारलं.

“आभार मानतायत,” मी म्हणालो.

अण्णांनी हात जोडले. “अहो, आभार कसले, आमचं कामच आहे ते.”

काय म्हणाले, असं एलोदियाने विचारलं. मी म्हणालो, माफी मागतायत. तिने अण्णांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “दिएगो, तू खोटं कोणाशी बोलतोयस, माझ्याशी की त्यांच्याशी?”

दोघांशीही बोलत होतो. पण तिच्या त्या प्रश्नानंतर पुढची थाप सुचेना. दोन वर्षं रोज सुचत होती, नेमकी त्या दिवशी सुचेना.

“अण्णा,” मी म्हणालो, “त्या आभार मानत नाहीयेत. ती कणसं तुमच्यासाठी राखून ठेवली होती. इकडे त्याची भाजी करतात.”

“काणीची?” अण्णा हसले. “काहीतरी बोलू नकोस.”

“खरंच करतात. मीच करतो. मी इथे आचारी आहे, अण्णा. विद्यापीठ सोडून दोन वर्षं झाली.”

अण्णांनी नळ बंद केला. बाह्या खाली घेतल्या, एकेक बटण लावलं.

“तो कोट?” त्यांनी विचारलं.

“इथलाच आहे.”

“मी रोज इस्त्री करतोय त्याला.”

“हो.”

मला वाटलं, आता ते चालू लागतील. कुठे जातील ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण चालू लागतील. अण्णा रागावले की चालतात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तोवर एलोदियाने चिमट्याने पिशवी वर काढली होती. एक कणीस सोलून तिने बोटांनी दाबून बघितलं, वास घेतला आणि म्हणाली, अर्धकच्चं शिजलंय, मेलेलं नाही. मग तिने अण्णांचा दंड धरला, तोही असा धरला की सोडवून घेता येऊ नये, आणि त्यांना थेट स्वयंपाकघरात नेऊन आमच्या जेवायच्या टेबलाशी बसवलं. मला म्हणाली, तू कांदा घे.

मी अण्णांकडे पाठ करून चुलीशी उभा राहिलो. मागे एलोदियाने वाढायला सुरुवात केली. तिने सोमवारचं जेवण म्हणून जे जे केलं होतं, ते बघून मला हसावं की पळावं कळेना. पहिल्यांदा आले लिंबू-तिखट लावून भाजलेले नाकतोडे. नाकतोड्यांवर अण्णांनी सत्त्याऐंशी साली अख्ख्या तालुक्यात फवारणी करवून घेतली होती. मग निवडुंगाच्या कोवळ्या पानांच्या चकत्या, जो बांधाबांधावरून मुळासकट उपटायची त्यांनी मोहीम काढली होती. मग हिरव्या आंबट रसातली घोळीची भाजी. घोळ तरी आपल्याकडे खातात, पण अण्णांच्या वहीत तिची नोंद तणातच होती. सगळ्या नोकरीतले वैरी एकेक करून ताटात येऊन बसत होते, आणि मला मागून फक्त चावण्याचा आवाज येत होता. वाढलेल्या ताटावरून उठायचं नाही ही त्यांची शिस्त होती, आणि त्या दिवशी तीच मला राखत होती.

मी कांदा परतला, लसूण टाकली, हिरवी मिरची टाकली. काणीचे फुगलेले दाणे कणसावरून कापून घेतले. माझा हात त्या कामाला बसलेला होता, पण पाठीवर अण्णांची नजर होती आणि सुरी दोनदा घसरली. दाणे कढईत पडले, काळं पाणी सुटलं, वर वासाचा पाला टाकून झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढलं तेव्हा तो वास सुटला. मातीचा, पावसात भिजलेल्या कडब्याचा, त्यात कांद्याचा. चावण्याचा आवाज थांबला.

मी वळलो. अण्णा कढईकडे बघत होते.

एलोदियाने गरम तोर्तिया, म्हणजे त्यांची मक्याची पातळ भाकरी, त्यांच्या ताटात टाकली. मी तीवर भाजी घातली. अण्णांनी घास घेतला. मग दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला त्यांनी हात थांबवला आणि डाव्या मनगटाने डोळे पुसले. तिखट नव्हतं फार.

“माझी आई करायची,” ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“जोंधळ्याची काणी. कोवळी असताना. फुटायच्या आधी काढायची, तेलात कांदा टाकून करायची. आम्ही तिघं भावंडं शेतात तशीच कच्चीसुद्धा खायचो. तोंड काळं व्हायचं. शाळेत मास्तर आम्हा तिघांना काणीतोंडे म्हणायचे, बाकी पोरं हसायची.” ते थांबले. “हे मी तुझ्या आईलापण कधी सांगितलं नाही.”

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

“नोकरी लागली, पहिल्या वर्षीच आपल्या गावात काणी आली. साहेब जीप घेऊन आलेले. म्हणाले, बारबोले, सुरुवात स्वतःच्या रानापासून करा, म्हणजे लोक ऐकतील. मी आईच्या रानातली सगळी काणी पिशवीत खुडली आणि बांधावर जाळली. ती तिथं उभी होती. दुरडी घेऊन आली होती काणी न्यायला. मी आलोय म्हणून भाजी करणार होती.”

“मग?”

“मग काय. रिकामी दुरडी घेऊन घरी गेली. पुन्हा कधी केली नाही तिनं. मला वाटायचं, बरं झालं, तिची ती सवय सुटली.”

एलोदिया आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिला शब्द कळत नव्हते, पण कोणीतरी काहीतरी खरं बोलतंय एवढं कळत होतं. अण्णांनी तिच्याकडे मान वळवली.

“बाईंना सांग,” ते मला म्हणाले, “आज तुमच्या परसात मी जे केलं तेच माझ्या आईसोबत केलं होतं. तिची माफी मागायची राहून गेली. तुमची मागतो.”

मी ते सांगितलं. त्या दिवशीचं माझं पहिलं खरं भाषांतर. एलोदियाने टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि विचारलं, तुमच्या आईचं नाव काय होतं?

“गोजराबाई,” अण्णा म्हणाले.

एलोदियाने ते नाव दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्या वेळी बरोबर जमलं. मग तिने कढईतली उरलेली भाजी सगळीच्या सगळी त्यांच्या ताटात वाढली, आणि अण्णांनी ती संपवली. मला कोणी विचारलंही नाही.

ताट रिकामं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. परसातल्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच.

“मला वाईट वाटलंय,” ते म्हणाले. “आचारी झालास म्हणून वाटलंय, आणि खोटं बोललास म्हणून जास्त वाटलंय. ते एवढ्यात जाणार नाही. तू घालवायला जाऊ नकोस.”

“बरं.”

“आईला मी सांगतो. फोनवर नको. समोर बसून सांगेन. तू सांगायला गेलास तर रडशील, मग ती रडेल, आणि मुद्दा बाजूलाच राहील.”

मी मान हलवली. तेवढ्याने छातीवरचं ओझं उतरलं असं म्हणणार नाही, पण दोन वर्षांत पहिल्यांदा ते आम्हा दोघांनी मिळून धरलं होतं.

“भाजी यांनीच शिकवली?” अण्णांनी विचारलं.

“सगळंच यांनी शिकवलं.”

“मग पाया पड.”

“अण्णा, इकडे तशी पद्धत नाही.”

“आपल्यात आहे. शिकवलं ना त्यांनी? बालवाडीत घातलं तेव्हा बाईंच्या पाया पडलास, कॉलेजात सरांच्या पडलास. यांचंच राहिलंय. पड.”

एकोणतीस वर्षांचा मी, हाताला काणीचं काळं लागलेलं, वाकून एलोदियाच्या पायांना हात लावायला गेलो. तिला वाटलं, माझं काहीतरी खाली पडलं. तीही शोधायला वाकली आणि आमची डोकी आपटली. ते बघून फेर्मीन, काय हरवलं काय हरवलं म्हणत, टेबलाच्या पलीकडून गुडघ्यांवर आला. तिघंही टेबलाखाली, आणि वरून अण्णा एलोदियाला शुद्ध मराठीत सांगत होते, शाळेत नाव घालायच्या दिवशी सांगतात तसं.

“पोरगं तुमच्या हवाली करतोय, बाई. कामाला चांगलं आहे. खोटं बोलतं, तेवढं बघा. बोललं तर दोन ठेवून द्या, आम्ही काही म्हणणार नाही.” मग मला म्हणाले, “सांग त्यांना.”

मला रडू आलं होतं. टेबलाखालूनच, एलोदियाच्या पायांवर हात ठेवून, मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. खोटं बोलण्याचं आणि दोन ठेवून देण्याचंसुद्धा. एक शब्दही गाळला नाही.